मुखवट्याचा प्रकाश आणि चेहऱ्याची लाली

जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने 'न्यूट्रोजिना' या आपल्या नाममुद्रेचा, मुरुमांवरील प्रकाशोपचाराचा मुखवटा जुलै २०१९ मध्ये बाजारातून परत घेतला. डोळ्यांचे काही मूळ विकार असलेल्यांना, तसेच डोळ्यांची प्रकाश-संवेदनशीलता वाढवणारी औषधे घेणाऱ्यांना इजा संभवते, हे कारण त्या वेळी देण्यात आले. हा धोका मोजक्या लोकांपुरता आणि तोही सैद्धांतिक असल्याचे कंपनीचे म्हणणे होते. त्यानंतर अशा साधनांचा बाजार ओसरला तर नाहीच, उलट विस्तारला. आता मुरुमांच्या पलीकडे जाऊन 'रोझेशिया'च्या रुग्णांनाही घरगुती मुखवटे सुचवले जात आहेत.

रोझेशिया हा दीर्घकाळ चालणारा त्वचाविकार आहे. गाल, नाक, कपाळ आणि हनुवटीवर लाली येते, बारीक रक्तवाहिन्या उठून दिसतात, काहींना पुटकुळ्याही येतात. ऊन, उष्मा, तिखट पदार्थ, वाफाळता चहा आणि मद्य यांनी तो उसळतो. अनेक रुग्णांच्या डोळ्यांनाही त्याची झळ पोहोचते. पापण्या सुजतात, डोळे कोरडे पडून चुरचुरतात. त्यामुळे २०१९ चा तो इशारा खरे तर याच रुग्णांनी अधिक मनावर घ्यायला हवा.

प्रकाशाने त्वचेवर उपचार करणे ही काही भोंदूगिरी नव्हे. त्वचेच्या क्षयावर प्रकाशोपचार करणाऱ्या नील्स फिन्सेन यांना १९०३ मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला होता. प्रश्न कोणता प्रकाश आणि कशासाठी, हा आहे. सुमारे ४१५ नॅनोमीटरचा निळा प्रकाश मुरुमांतील जिवाणूंना मारतो. रोझेशियाचे मूळ त्या जिवाणूंत नाही. सुमारे ६३० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाने दाह कमी होतो, असे मानण्यास आधार आहे; परंतु रोझेशियापुरते बोलायचे तर हा आधार लहान अभ्यासांचा आणि एकेकट्या रुग्णांच्या नोंदींचा आहे. पसरलेल्या रक्तवाहिन्या मिटवणे मुखवट्यातील दिव्यांच्या आवाक्यातले नाही. त्यासाठी दवाखान्यात ५९५ नॅनोमीटरचा पल्स्ड डाय लेसर वापरतात. त्याची ऊर्जा रक्तातील हिमोग्लोबिन शोषून घेते आणि वाहिनी आतून तापून बंद होते. घरगुती दिव्याची तीव्रता त्या मानाने नगण्य. शिवाय साधन चेहऱ्यावर तापू लागले, तर ती ऊबच लालीला निमंत्रण ठरू शकते.

जाहिरातींत अमेरिकेच्या एफडीएचे नाव ठळकपणे मिरवले जाते. या साधनांना तेथे बहुधा मिळते ती बाजारात येण्याची मुभा, आणि तिचा मुख्य आधार आधीच विकल्या जाणाऱ्या एखाद्या साधनाशी असलेले साम्य हा असतो. नव्या औषधाला द्यावी लागते तशी परीक्षा त्यात नसते. त्यातही ही मुभा सुरकुत्या किंवा सौम्य मुरुमांसाठी असेल, तर ती रोझेशियाला लागू होत नाही. खोक्यावरचा हा बारीक मजकूर वाचतो कोण?

भारतात तर त्याआधीच एक पेच आहे. गव्हाळ व सावळ्या वर्णावर रोझेशियाची लाली चटकन ओळखू येत नाही आणि निदान लांबते. दुसरीकडे, 'गोरेपणा'साठी महिनोन्‌महिने स्टेरॉइडयुक्त मलमे लावल्याने लाल झालेले, जळजळणारे चेहरे त्वचारोगतज्ज्ञांकडे सर्रास येतात आणि ते दिसायला रोझेशियासारखेच असतात. अशी १४ स्टेरॉइड मलमे केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकण्याच्या यादीत घातली. अशा चेहऱ्याला आधी ते मलम तज्ज्ञाच्या देखरेखीखाली सोडवावे लागते. मुखवटा त्यात फक्त वेळ आणि हजारो रुपये घालवतो.

रोझेशियाचे निदान पक्के असेल, तर मेट्रोनिडॅझोल, अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड, आयव्हरमेक्टिनचे मलम यांसारखी अधिक तपासलेली औषधे उपलब्ध आहेत आणि उन्हापासून बचाव तर सर्वांत आधी. त्यांच्या जोडीला लाल प्रकाश वापरून पाहण्यास तज्ज्ञाची संमती असेल, तर डोळे पूर्ण झाकून, अल्प वेळापासून सुरुवात करणे शहाणपणाचे. डॉक्सिसायक्लिनसारख्या गोळ्यांनी त्वचा उन्हाला हळवी होते. मुखवट्यात अतिनील किरण नसले तरी त्या चालू असल्याचे डॉक्टरांना सांगायला हवे.

१ एप्रिल २०२० पासून देशातील सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली. मात्र उपकरण वैद्यकीय ठरते ते त्याच्या घोषित उद्देशावरून. त्यामुळे तोच मुखवटा 'सौंदर्यसाधन' म्हणून विकायचा आणि जाहिरातीत आजार बरा करण्याचे सूचित करायचे, ही पळवाट विक्रेत्यांना मोकळी राहते.