त्याच्या आधीचं आडनाव

या रविवारी हापूस आणि केशरच्या वादावर लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या खेपेला. या आठवड्यात मला राग आला आहे आणि तो अजून उतरलेला नाही.

ओळखीतल्या एका मुलीसाठी कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत खोली बघायला गेले होते. मुलगी इथे नोकरीला लागली आहे, घर लांब, शहरात कोणी नाही. खोली चांगली होती. खिडकी पूर्वेला, पाणी दोन्ही वेळा, जिना वेगळा. मालकीणबाईंनी चहा टाकला. भाडं ठरलं, डिपॉझिट ठरलं, गाडी कुठे लावायची तेही ठरलं. मग त्यांनी नाव विचारलं. मुलीनं नाव-आडनाव सांगितलं. आडनाव म्हणजे एका गावाचं नाव आणि पुढे 'कर'. बाई जरा थांबल्या.

"हो, पण मूळचं आडनाव काय?"

"काकू, हेच."

"हे झालंच गं. त्याच्या आधीचं?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. हा प्रश्न तिला पहिल्यांदा विचारला गेलेला नव्हता, हे मला त्या एका नजरेत कळलं. ती शांतपणे म्हणाली, "आधीचं मला माहीत नाही." चहा तसाच ठेवून आम्ही उठलो. जिन्यात ती मलाच समजावत होती, "जाऊ द्या काकू, असं होतंच." ते ऐकून मला जास्त वाईट वाटलं. पंचविशीतल्या मुलीला असल्या गोष्टीची सवय झालेली असावी, हे कोणत्या शहराला शोभतं?

हा प्रश्न का विचारतात ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. गावावरून पडलेल्या आडनावातून गाव कळतं, जात कळत नाही. एका गावातून ब्राह्मण बाहेर पडला, सोनार बाहेर पडला, महार बाहेर पडला, तरी परमुलखात तिघांनाही त्याच गावाचं आडनाव लागू शकतं. ज्यांना जात कळल्याशिवाय चहा गोड लागत नाही, ते मग 'मूळ' शोधायला निघतात. गोडीनं विचारतात, त्यामुळे तर उलट बोलताही येत नाही.

आडनावाची चौकशीच वाईट असं माझं म्हणणं नाही. मी नाशिकची. आडनाव विचारण्याचं सगळ्यात मोठं ठिकाण आमच्याच गावात आहे. रामकुंडावर कोणीही पाय ठेवला की पहिला प्रश्न येतो, गाव कोणतं, आडनाव काय? मग कोणत्या उपाध्यायांकडे त्या मुलखाची नामावळी आहे ते सांगितलं जातं. वडिलांचे दिवस करायला भाऊ आणि मी गेलो, तेव्हा उपाध्यायांनी लाल कापडात बांधलेली वही सोडली, बोट फिरवत पानं उलटली आणि आजोबांची सही पुढे ठेवली. त्याच्या मागची पानं मोडीत होती, ती आम्हाला वाचता आली नाहीत, त्यांनीच वाचून दाखवली. भाऊ बराच वेळ त्या सहीवर हात ठेवून बसला. त्या वहीत जातही लिहिलेली असते, हे मी विसरलेले नाही. पण उपाध्याय आमची माणसं शोधून आम्हाला देत होते. जिन्याच्या वरच्या बाईंना मुलीकडून काही काढून घ्यायचं होतं.

आणि 'मूळ' म्हणजे नेमकं कुठवर मागे जायचं? आपल्याच जिल्ह्यात बघा. विंचूरकर हे नाव घेतलं की पेशवाईतले सरदार डोळ्यांपुढे येतात. ते घराणं दाणी. पानिपतावरून परत आलेले विठ्ठल शिवदेव दाणी. विंचूरची जहागीर मिळाली आणि दाणी मागे पडून विंचूरकर झालं. ते नाव पुण्याला सदाशिव पेठेत गेलं, तिथल्या विंचूरकर वाड्यात लोकमान्य टिळक राहिले, आणि आता पुण्यातल्या कित्येकांना विंचूर हे निफाड तालुक्यातलं गाव आहे हे सांगावं लागतं. चांदवडला रंगमहाल बांधणारे होळकर हे नीरेकाठच्या होळ गावचे. नाव गाजलं ते इंदूरला. तात्या टोपे येवल्याचे, रामचंद्र पांडुरंग येवलेकर. वडिलांबरोबर बिठूरला गेले आणि इतिहासात टोपे म्हणून राहिले. आपले तात्यासाहेब, कुसुमाग्रज, यांचं शिरवाडकर हे आडनाव निफाडच्याच शिरवाड्याचं. यातलं कोणाचं कोणतं आडनाव मूळ म्हणायचं?

गावात राहणाऱ्याला त्या गावाचा 'कर' कोणी म्हणत नाही. सगळेच तिथले, मग ओळख काय पटणार? गाव सोडावं लागतं, दुसऱ्या गावच्या लोकांनी 'तो येवल्याचा' म्हणावं लागतं, तेव्हा कुठे ते नाव चिकटतं. म्हणून अशी आडनावं ज्या गावाची असतात त्या गावात कमी आणि बाहेर जास्त सापडतात. मला नाशिककर आडनावाचं कुटुंब भेटलं तेसुद्धा नाशिकबाहेर. आणि आपली माणसं किती लांब गेली! कोकणातले बेने इस्राएल ज्यू, तेल गाळणारे आणि शनिवार पाळणारे म्हणून ज्यांना शनिवार तेली म्हणत, त्यांनी आपापल्या गावांची नावं घेतली. पेणकर, रोहेकर, किहीमकर. 'बूट पॉलिश'मधले जॉनचाचा, म्हणजे डेव्हिड, हे पूर्ण नावानं डेव्हिड अब्राहम चेऊलकर. इस्राएल झाल्यावर यातले हजारो लोक तिकडे गेले आणि रायगड जिल्ह्यातल्या खेड्यांची नावं अश्दोद, दिमोनापर्यंत पोहोचली.

गावावरून न पडलेल्या आडनावांची गोष्ट आणखी वेगळी. गायकवाड घ्या. बडोद्याचे सयाजीराव महाराज हे मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे. १८६३ साली शेतकरी घरात जन्मले, १८७५ साली दत्तक जाऊन गादीवर बसले. कर्मवीर दादासाहेब गायकवाड हे दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे, जन्म १९०२. काळाराम मंदिराचा दरवाजा अस्पृश्यांना उघडावा म्हणून २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला सत्याग्रह त्यांनी वर्षानुवर्षं चालवला. जिल्हा एक, आडनाव एक. एक राजा झाला, दुसऱ्याला रामापर्यंत पोहोचू दिलं नाही. आणि ज्या बाबासाहेबांच्या हाकेवर दादासाहेब उभे राहिले, त्यांना १९१३ साली अमेरिकेत शिकायला पाठवण्यासाठी शिष्यवृत्ती दिली ती याच सयाजीरावांनी. बाबासाहेबांचं घराणं सकपाळ, गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, शाळेत आंबडवेकर, पुढे आंबेडकर. त्यांना कोणी 'त्याच्या आधीचं?' असं विचारलं असतं, तर उत्तर ऐकून विचारणाऱ्याच्या हाती काय लागणार होतं?

घरी येऊन रागारागात आडनावांवरचं मिळेल ते वाचत बसले. तिकडे इटलीतही हेच. रोमानो म्हणजे रोमचा. पण हे आडनाव दाट सापडतं ते दक्षिणेत, नेपल्सच्या आसपास आणि सिसिलीत. सोळाव्या शतकात चर्चनं बाप्तिस्मा आणि लग्नाची नोंद ठेवायची सक्ती केली आणि नावं त्या वह्यांमध्ये पक्की होत गेली. हे सगळं रामकुंडावर वाढलेल्या माणसाला सहज कळतं. मला थांबवलं ते एस्पोझितो या आडनावानं. नेपल्समध्ये अनुन्झियाता नावाची धर्मादाय संस्था होती. तिच्या भिंतीत एक फिरतं लाकडी चक्र होतं. ज्या आयांना मूल वाढवणं शक्य नव्हतं त्या रात्री येऊन बाळ त्यात ठेवून जात. आत त्या बाळाला नाव मिळे आणि आडनाव लागे एस्पोझितो, म्हणजे बाहेर ठेवलेलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशी आडनावं द्यायला बंदी झाली. पण तोपर्यंत त्या मुलांची मुलं, नातवंडं झाली होती. आज एस्पोझितो हे नेपल्समधलं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव आहे. त्यांना 'मूळचं काय?' विचारा. मूळ तिथे भिंतीबाहेर, अंधारात उभं होतं आणि निघून गेलं.

हे वाचलं आणि मला शरणपूर आठवलं.

शरणपूर रोड आपल्याला दुकानांसाठी आणि ट्रॅफिकसाठी माहीत आहे. शरणपूर ही वसाहत १८५४ च्या सुमारास विल्यम प्राइस या मिशनऱ्यानं उभारली. त्या काळात पूर्व आफ्रिकेतून माणसं पकडून गलबतांनी अरबस्तानाकडे विकायला नेत. इंग्रजांच्या लढाऊ जहाजांनी अशी गलबतं अडवली की आतली मुलं मुंबईला उतरवली जात. त्यांतली बरीच मुलं नाशिकला पाठवली. गाव जळालेलं, आईबाप मारले गेलेले किंवा वेगळ्या गलबतावर चढवलेले. काही इतकी लहान की आपल्या गावाचं नाव सांगता येईना. शरणपुरात त्यांना सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं शिकवलं आणि बाप्तिस्मा देऊन नवी नावं दिली. सायमन प्राइस. एडवर्ड गार्डनर. जेकब वेनराइट. मॅथ्यू वेलिंग्टन. गोदाकाठी, पंचवटीपासून थोड्याशा अंतरावर, याओ आणि इतर आफ्रिकी जमातींची मुलं प्राइस आणि वेनराइट झाली.

आफ्रिकेत फिरणारा ब्रिटिश संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन आपल्या शेवटच्या प्रवासाला निघाला तेव्हा मुंबईहून त्यानं या नाशिकच्या शाळेतली नऊ मुलं बरोबर घेतली. सायमन प्राइस आणि एडवर्ड गार्डनर त्यांतलेच. इंग्रजी पुस्तकांत त्यांचा उल्लेख 'नासिक बॉइज' असाच येतो. वेनराइट आणि वेलिंग्टन नंतर, १८७२ साली, त्याला गाठायला गेलेल्या तुकडीतून पोहोचले. १८७३ च्या मे महिन्यात आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारला. सुसी आणि चुमा या त्याच्या जुन्या सोबत्यांच्या पुढाकारानं सगळ्यांनी ठरवलं की देह त्याच्या देशात गेला पाहिजे. त्याचं हृदय तिथेच एका झाडाखाली पुरलं. त्या वेळी प्रार्थना वाचली ती जेकब वेनराइटनं, आणि झाडाच्या खोडावर नाव आणि तारीख कोरली तीही त्यानंच. शरणपुरात शिकलेली अक्षरं. मग देह वाळवून, कापडात गुंडाळून, खांद्यावरून समुद्रापर्यंत नेला. नऊ महिने लागले. ताप, उपासमार, वाटेतल्या राजांची भांडणं, सगळं सोसून नेला. वेनराइट दैनंदिनी लिहीत होता. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये लिव्हिंग्स्टनचं दफन झालं, तेव्हा शवपेटीसोबत चालण्याचा मान ज्या मोजक्या माणसांना मिळाला त्यांत आपल्या नाशिकचा जेकब वेनराइट होता.

हे मी शाळेत शिकले नाही. नाशिकच्या शाळेत शिकूनही नाही. याची मला आजही चुटपुट लागते.

पुढच्याच वर्षी, १८७५ साली, मोंबासाजवळ सुटका झालेल्या गुलामांसाठी वसाहत वसवली. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्या नावावरून तिला फ्रेअर टाऊन म्हणतात. ती उभारायला पाठवलं तेही शरणपूरच्याच प्राइसना. नाशिकला वाढलेले आफ्रिकी तिकडे गेले. त्यांच्याही आधी, १८६० च्या दशकात, विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे दोघे नाशिकहून मोंबासामागच्या रबाईला पोहोचले होते. पुढे दोघेही धर्मोपदेशक झाले. ही माणसं तिथे कारागीर होती, शिक्षक होती, दुभाषी होती. स्थानिक लोकांच्या लेखी ती आफ्रिकी असूनही बाहेरची. त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन्स' म्हणत. आधी गलबतातून उतरून परक्या मुलखात आलेली, आता आपल्याच खंडात परत जाऊन परकी ठरलेली. मॅथ्यू वेलिंग्टन १९३५ सालापर्यंत जगला आणि मोंबासातच वारला. म्हणजे माझे आजोबा रामकुंडावर सही करून गेले त्या सुमारास शरणपूरचा एक विद्यार्थी हिंदी महासागराच्या पलीकडे जिवंत होता.

वेनराइट आणि वेलिंग्टन ही आडनावं त्यांच्या आईबापांनी दिलेली नव्हती. त्यांच्या आईबापांनी काय हाक मारली असेल, तेही त्यांच्यापासून तोडलं गेलं होतं. पण त्यांनी त्या दिलेल्या नावांनी पत्रं लिहिली, लग्नं केली, मुलांना ती नावं दिली, झाडावर अक्षरं कोरली. ती नावं त्यांची झाली. त्यांनी ती कष्टानं आपली करून घेतली.

फ्रेअर टाऊन आज मोंबासा शहरातच आहे, आणि त्या पहिल्या कुटुंबांचे वंशज त्या भागात आहेत. माझ्या वाचकांपैकी कोणाचे नातलग मोंबासाला असतील तर त्यांनी एक काम करावं. सुट्टीच्या दिवशी फ्रेअर टाऊनला जावं, चर्चमध्ये जुन्या नोंदी बघायला मिळतील का ते विचारावं, आणि जोन्स, सेमलर, वेलिंग्टन ही आडनावं तिथे अजून कोणाकडे आहेत ते मला या वृत्तपत्राच्या पत्त्यावर कळवावं. घरात नाशिकची काही आठवण सांगितली जाते का, एखादा शब्द, एखादा पदार्थ, एखादं गाणं, तेही विचारावं. आलेली पत्रं मी या जागेत छापीन. आंबे थांबतील.