वेचून फेकलेले दाणे

कंट्रोलचा तांदूळ नांदूरघाटच्या घरांत आधी सुपात पडतो. निवडताना काही दाणे वेगळे दिसतात, भिजवले की त्यातले काही वर तरंगतात. बायका म्हणतात, हे प्लास्टिक आहे. तसा व्हिडिओ त्यांनी मोबाइलवर पाहिलेला असतो. ते दाणे कोंबड्यांपुढे जातात.

ते प्लास्टिक नाही. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-12 जीवनसत्त्व मिसळून यंत्रातून काढलेला तो दाणा असतो. शंभर किलोत साधारण एक किलो मिसळतात. पंतप्रधानांनी 15 ऑगस्ट 2021 रोजी ही घोषणा केली आणि मार्च 2024 पर्यंत तो रेशनवर सगळीकडे आला. कारण रक्तक्षय. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. जिच्यासाठी दाणा बनवला, तीच तो फेकते.

याला अडाणीपणा म्हणणारे बरेच आहेत. मला ते पटत नाही. खडा, कीड, भेसळ ओळखणं हे तिचं रोजचं काम. न सांगता काही मिसळलं तर ती वेचणारच. माहिती होती, पण पोत्यावर. पोतं दुकानात राहतं, बाई पिशवी घेऊन घरी येते. त्यात लेबल इंग्रजी किंवा हिंदीत असलं की कायद्याला पुरतं, मराठीची सक्ती नाही. थॅलेसेमिया आणि सिकलसेलच्या रुग्णांसाठी वेष्टनावर सूचना छापायचा नियम होता, तोही 2024 मध्ये काढला.

आपल्या समाजाने हे पोलिओच्या वेळी पाहिलंय. डोसाने पुढे मूल होत नाही, ही अफवा उत्तर प्रदेशातल्या मुस्लिम वस्त्यांत पसरली होती. सरकारी पत्रकं तिच्यापुढे कमी पडली. उलेमांनी मशिदींतून आवाहन केलं, ओळखीच्या बाया घरोघर गेल्या, तेव्हा दारं उघडली.

इथे तर काम सोपं आहे. दुकानाच्या भिंतीवर मराठीत मोठा फलक, त्यावर सिकलसेलवाल्यांनी डॉक्टरांना विचारावं हेही. आशाताईंनी दाणा हातावर घेऊन दाखवावा. जुम्याच्या नमाजनंतर इमामसाहेबांनी दोन मिनिटं द्यावीत. एवढं ऐकूनही एखादीला तो नको असेल, तर तिला साधा तांदूळ मिळावा. कंट्रोलात दोन प्रकारचा तांदूळ ठेवलेला मी अजून पाहिला नाही.