संसारांतील चार गोष्टी : न बोलणारा फोन

घरांतील एखादें वडील माणूस आजारीपणानें चार दिवस अंथरुणास खिळलें, म्हणजे त्याचा मोबाइल फोन कोपऱ्यांत तसाच पडून राहतो. परंतु अशा वेळीं हें यंत्र स्वतःच्या बुद्धीनें कांहीं करीत असतें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. २०२४ सालापासून आयफोन सतत ३ दिवस कुलूपबंद राहिल्यास आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो. अँड्रॉइड फोनांकरितांहि २०२५ सालीं तशीच ऐच्छिक सोय निघाली. त्यानंतर बोटाचा ठसा किंवा चेहरा त्यास पुरत नाहीं. गुप्त अंकच द्यावे लागतात. तोंवर आंतील पत्रें व छायाचित्रें कोणासहि वाचतां-पाहतां येत नाहींत. चोरापासून रक्षण करणारी ही योजना उत्तमच होय. मात्र चोरास घातलेला अडसर घरच्यांसहि अडवितो. रोग्याचें बोट टेकवून मग कार्य साधत नाहीं. म्हणून प्रत्येक कर्त्या माणसानें ते अंक बंद पाकिटांत घालून, तिजोरीच्या किल्लीप्रमाणें, विश्वासाच्या एकाच माणसाच्या स्वाधीन करावे, अशी आमची वाचकांस आग्रहाची विनंती आहे. कुलूप यंत्रानें घालावें. किल्ली कोणापाशीं असावी, हें मात्र माणसानेंच वेळेवर ठरविलें पाहिजे.