नावातली शेपटी

मुलांनो, मिरजोळ्याच्या आमच्या शाळेत वाचनालयाची वही आता संगणकात आहे. अ‍ॅक्सेस नावाचं सॉफ्टवेअर. मायक्रोसॉफ्टने ते १९९२ साली आणलं, म्हणजे वयाने तुमच्या ताई-दादांहूनही मोठं! पडद्यावर वर एक चौकट असते, तिच्यात आडनाव निवडायचं. खाली छोटा तक्ता, त्याला सबफॉर्म म्हणतात. त्या आडनावाच्या मुलांनी नेलेली पुस्तकं तेवढी त्यात उरतात, बाकीची गाळली जातात. या गाळणीचं नाव फिल्टर.

सावंत निवडा, पाटील निवडा, झकास चालतं. पण पाचवीतल्या एका मुलीचं आडनाव डिसोझा. ते निवडलं की तक्ता गप्प आणि वर संदेश, वाक्यरचना चुकली! ती बिचारी म्हणाली, "बाई, माझं आडनाव चुकलंय का?"

आडनाव अगदी बरोबर आहे, बरं का. पोर्तुगीजमध्ये 'डि' म्हणजे 'चा'. सोझाचा तो डिसोझा; आपला चिपळूणचा तो चिपळूणकर, तसंच. मात्र इंग्रजीत लिहिताना 'डी' या अक्षरानंतर वरच्या बाजूला एक शेपटी येते, अ‍ॅपॉस्ट्रॉफी. (आमच्या वहीत नावं इंग्रजीत आहेत.)

घोटाळा या शेपटीने होतो. कोडमध्ये नाव एकेरी अवतरणात ठेवतात: आडनाव = 'सावंत'. दुसरी खूण आली की नाव संपलं, असं संगणक समजतो. आणि कळफलकावर शेपटीची खूणही तीच! मग 'डी'वरच नाव संपतं आणि उरलेल्या 'सोझा'चं काय करायचं ते त्याला उमगत नाही.

कुणी सुचवलं, शेपटी काढून टाका. मला मुळीच पटलं नाही. जन्मदाखल्यावरचं नाव आपण का बदलायचं? बदलायचा तो कोड. 'रिप्लेस' ही आज्ञा वापरून, नाव फिल्टरमध्ये जाताना एका शेपटीच्या दोन करायच्या. लागोपाठ दोन दिसल्या की ही नावातली खूण, असं अ‍ॅक्सेस मानतं. वहीतलं नाव जसंच्या तसं राहतं. शिवाय फिल्टर नुसता लिहून भागत नाही, 'फिल्टरऑन' चालू करावं लागतं. तेही सबफॉर्मचं, वरच्या मोठ्या फॉर्मचं नव्हे. इथे पुष्कळ जण फसतात.

दुरुस्ती झाली आणि तिच्या नावाखाली तीन पुस्तकं दिसली. एक परत करायचं राहिलं होतं!

आता तुम्ही सांगा: इयत्तेच्या रकान्यात नुसते आकडे आहेत. चौथीची पुस्तकं हवीत, तर ४ हा आकडा अवतरणात ठेवायचा का? (उत्तर: नाही. ठेवलात तर 'प्रकार जुळत नाही' म्हणून अ‍ॅक्सेस अडून बसतं.)