ओळख कोणाची, जबाबदारी कोणाची?

यवतमाळ जिल्ह्याच्या आर्णी तालुक्यातील शेंदुरसनी ग्रामपंचायतीचे नाव डिसेंबर 2025 मध्ये एकाएकी गाजू लागले. गावाची वस्ती दीड हजाराच्या आसपास. आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत गावाच्या नावावर संगणकात चढलेल्या जन्मनोंदी 27 हजारांहून अधिक! म्हणजे दिवसाला सरासरी 300. हजारी 15 हा जन्मदर धरला, तर एवढ्या जन्मांना या गावाला हजार वर्षेही पुरायची नाहीत.

गुन्हेगारांना शिक्षा व्हावी, याविषयी दुमत नाही. परंतु येथे चोरीला नेमके काय गेले, याचा विचार केला पाहिजे. येथे चोरी झाली ती एका सार्वजनिक संस्थेच्या ओळखीची. जन्ममृत्यूच्या नोंदी आता केंद्राच्या नागरी नोंदणी प्रणालीत होतात आणि तिचे दार ग्रामपंचायतीला दिलेल्या लॉगिनने उघडते. किल्ली बरोबर आहे काय, एवढेच यंत्र तपासते. ती कोणाच्या हातात आहे, हे त्याला दिसत नाही. संगणकीय खातरजमेची सारी मर्यादा या एका वाक्यात आहे. कोतवालाच्या वहीत एका दिवसात 300 जन्म चढले असते, तर ती वही पाहणाऱ्या पहिल्याच माणसाने हटकले असते. त्या वहीतही खोटेपणा होत असे. पण तो गावाच्या डोळ्यांआड इतका वाढू शकत नव्हता.

हाच न्याय व्यक्तीलाही लागू आहे. केवायसी संपल्याचा निरोप, पीएम किसानच्या नावाने येणारे बनावट ॲप, गोड बोलून काढून घेतलेला ओटीपी : या साऱ्यांत चोर किल्ली मिळवतो आणि यंत्र त्यालाच खातेदार मानते. उलट कापूस वेचून बोटे झिजलेल्या मजूर बाईचा अंगठा रेशन दुकानातील यंत्रावर उमटत नाही. चोर खरा ठरतो आणि खरी व्यक्ती उपाशी परतते! शिवाय पासवर्ड बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने प्रश्न असा, की या व्यवस्थेचा लाभ कोणाला आणि जोखीम कोणावर? कागद, कारकून आणि शाखा यांवरचा खर्च वाचतो तो शासनाचा व बँकांचा. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने मात्र असे ठरवले होते, की ग्राहकाने स्वतःच गुप्त क्रमांक सांगितला, तर बँकेला कळवेपर्यंतचे संपूर्ण नुकसान त्याचेच. ज्याला इंग्रजी निरोप वाचता येत नाही, त्याच्या फसवणुकीला निष्काळजीपणा म्हणणे हा न्याय नव्हे.

शेंदुरसनीनंतरचा धोका याहून गंभीर आहे. 2023 च्या दुरुस्ती कायद्याने, 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, मतदारयादी, आधार अशा अनेक कामांना जन्मदाखला हाच जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा ठरवला आहे. खोट्या नोंदी रद्द झाल्याच पाहिजेत. पण त्यांच्या निमित्ताने कोलाम पोडावरच्या किंवा बंजारा तांड्यावरच्या, ऊसतोडीला गेलेल्या मायबापांच्या मुलाची उशिरा झालेली खरी नोंदही संशयित ठरू नये. चोरी दुसऱ्याने करायची आणि आपण कोण हे गरिबाने पुन्हा पुन्हा सिद्ध करायचे, हे चालू देता कामा नये.

म्हणून कार्यकर्त्यांनी तीन मागण्या लावून धराव्यात. प्रत्येक ग्रामसभेत त्या काळातील जन्ममृत्यूच्या नोंदींची संख्या वाचून दाखवावी आणि ती लोकसंख्येशी विसंगत दिसताच प्रणालीने नोंदणी आपोआप थांबवावी. व्यक्तिशः सुनावणी दिल्याविना कोणाचाही दाखला रद्द होऊ नये. आणि किल्ली चोरीला गेल्यावर होणाऱ्या नुकसानीचा पहिला भार, ज्याने हे कुलूप लोकांवर लादले त्याने उचलावा.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 सी मध्ये ओळखचोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण शिक्षा चोरीनंतर येते. लोकांची नजर चोरीआधी जागी असते. ती नजर व्यवस्थेत परत आणणे हे आपले काम आहे.