गुरुत्वाकर्षणावर पोट भरते का?

अलोरे येथून एका भगिनीचे पत्र आले आहे. मुलगा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे गुरुत्वाकर्षणावर संशोधन करायचे म्हणतो. घरी थोडी भातशेती आणि आंब्याची कलमे. बाई विचारतात, "वस्तू खाली पडते हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात आणखी काय शोधायचे, आणि त्याचा पगार कोण देणार?"

ताई, प्रश्न रास्त आहे. कोयनेचे पाणी घाटमाथ्यावरून पोफळीला आणि मग तुमच्या अलोऱ्याला उतरून वीज करते, ते याच ओढीने. पण ही ओढ मुळात काय आहे, हे कोडे अजून पुरते सुटलेले नाही. आइन्स्टाइनने १९१५ साली मांडलेल्या सिद्धांताचा अणूच्या शास्त्राशी मेळ बसत नाही. तो बसवण्यात धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला जन्मलेल्या अभय अष्टेकरांनी अमेरिकेत हयात घालवली. कोल्हापूरला जन्मलेले जयंत नारळीकर १९७२ साली केंब्रिजहून मुंबईच्या टाटा संस्थेत आले आणि १९८८ साली त्यांनी पुण्यात 'आयुका' उभी केली. तेव्हा हे काम इथेही होते.

आता पगाराचे. नेट किंवा जेस्टसारखी परीक्षा आणि मुलाखत पार पडली, की पीएच.डी.ला सरकारी विद्यावृत्ती मिळते. २०२३ पासूनचा केंद्राचा दर पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये, पुढे ४२,०००. म्हणजे यासाठी सातबारावर बोजा चढवायची गरज नाही. कोणी लाखो रुपये मागितले तर तिथे जाऊच नये.

खर्च होतात ती वर्षे. एम.एस्सी.ची दोन, पीएच.डी.ची पाच-सहा. मग दोन-तीन वर्षांच्या तात्पुरत्या नेमणुका. एक जर्मनीत, तर दुसरी जपानात. कायम जागा मिळालीच तर वय पस्तिशीला टेकते, आणि अशा जागा फार थोड्या. हुशार असूनही अनेकांना त्या मिळत नाहीत. ते कॉलेजात शिकवतात, बँकेत किंवा संगणकाच्या कंपनीत जातात. उपाशी कोणी राहत नाही. पण तोवर घरचे दुखणेखुपणे, बहिणीचे लग्न, कलमांची राखण कोणी पाहायची, हे आज मुलासमोर बसून बोला. मनातल्या मनात ठेवू नका.

त्याला हातकामाची आवड असेल तर आणखी एक वाट आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी 'लायगो-इंडिया' वेधशाळा व्हायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने तिला २,६०० कोटी मंजूर केले. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, त्यांत लेसरचा किरण आणि जवळजवळ निर्वात पोकळी! तिथे नुसते कागद-पेन्सिलवाले पुरणार नाहीत. लेसर, इलेक्ट्रॉनिक्स, संगणक जाणणारेही लागतील.

आयुकात उन्हाळ्यात बी.एस्सी., एम.एस्सी.च्या मुलांसाठी वर्ग भरतात. निवड झाली तर यंदा त्याला तिकडे पाठवा. ही माणसे दिवसभर काय करतात, ते तो डोळ्यांनी पाहून येईल. एम.एस्सी.चा अर्ज मात्र थांबवू नका.