तर्काचा तराजू एकच हवा!

महाराष्ट्राच्या वैचारिक इतिहासाविषयी दोन विधाने आपल्या कानावर वारंवार येतात. पहिले विधान व्यासपीठांवरून ऐकू येते. धर्माला प्रश्न विचारण्याची सवय या भूमीला इंग्रजांनी आणि मिशनऱ्यांनी लावली. त्याआधी येथे केवळ पोथी होती आणि पोथीपुढे झुकलेली मस्तके होती, असे तथाकथित पुरोगामी विचारवंत सांगतात. दुसरे विधान आपल्याच घरांत ऐकू येते. देवाधर्माच्या बाबतीत तर्क चालवू नये, तर्क हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे, असे वडीलधारी मंडळी मुलांना बजावतात.

वरवर पाहता ही दोन विधाने परस्परविरुद्ध वाटतात. वास्तविक दोघांचेही गृहीतक एकच आहे. बुद्धीने धर्माची परीक्षा करणे ही गोष्ट परकी आहे, असे दोघेही मानतात. एक त्या परकेपणाचा गौरव करतो आणि दुसरा त्याची भीती बाळगतो, इतकाच काय तो फरक. हे गृहीतकच खोटे आहे, आणि ते खोटे ठरवण्यासाठी वेदकाळापर्यंत जाण्याचीही आवश्यकता नाही. १८३१ ते १८५७ या सव्वीस वर्षांत मराठी माणसाने केलेले धर्मविषयक वादविवाद त्यासाठी पुरेसे आहेत.

युरोपातील वादळ

मिशनरी येथे आले तेव्हा त्यांच्या मागे युरोपातील दीडशे वर्षांचे वादळ होते, ही गोष्ट आपण लक्षात घेत नाही. ईश्वर आहे, तो बुद्धीला कळतो, परंतु त्याने कोणा एका समाजाला एक ग्रंथ देऊन बाकीच्या मानवजातीला अंधारात ठेवले, हे पटत नाही, असे म्हणणारा एक पंथ सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये उभा राहिला. त्यांना 'डीइस्ट' म्हणत. ईश्वर मान्य, ईश्वरप्रणीत ग्रंथ अमान्य, असा हा निसर्गधर्म होता. १६९६ मध्ये जॉन टोलंड यांनी ख्रिस्ती धर्मात बुद्धीपलीकडचे काही नाही असे प्रतिपादन करणारे पुस्तक लिहिले. पुढच्याच वर्षी आयरिश पार्लमेंटच्या आज्ञेने ते डब्लिनमध्ये जाळण्यात आले. त्याच वर्षाच्या जानेवारीत एडिंबरो येथे टॉमस एकनहेड हा वीस वर्षांचा विद्यार्थी धर्मनिंदेच्या आरोपावरून फासावर लटकला. १७४८ मध्ये डेव्हिड ह्यूम यांनी चमत्कारांच्या साक्षीवर किती विश्वास ठेवावा, याची चिकित्सा केली. टॉमस पेन यांचा 'एज ऑफ रीझन' हा ग्रंथ १७९४ मध्ये प्रकाशित होऊ लागला. तो छापल्याबद्दल रिचर्ड कार्लाइल या प्रकाशकाला १८१९ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली.

त्यानंतर अवघ्या दहा वर्षांनी, १८२९ मध्ये, डॉ. जॉन विल्सन हे स्कॉटिश मिशनरी मुंबईत उतरले. ते त्याच एडिंबरोच्या विद्यापीठात शिकलेले होते. एकनहेडच्या फाशीचा किंवा कार्लाइलच्या तुरुंगवासाचा दोष त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. ते व्यासंगी होते. त्यांनी येथील भाषा आणि शास्त्रे अभ्यासली, पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपदही भूषवले. त्यांनी हिंदूंना खुल्या वादाचे आव्हान दिले, हेही त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. प्रश्न व्यक्तीचा नाही, त्या वादपद्धतीचा आहे. आमच्या पुराणांतील कथा तपासताना मिशनरी बुद्धीची कसोटी लावत, जवळजवळ त्याच कसोट्या ज्या टोलंड आणि पेन यांनी बायबलला लावल्या होत्या. मात्र बायबलची वेळ आली की तेथे बुद्धीने नम्र व्हावे, कारण तो ईश्वरी शब्द आहे, असा पवित्रा घेतला जाई. एका दुकानात दोन तराजू ठेवण्याचाच हा प्रकार होता.

मराठी माणसाचे उत्तर

हे दोन तराजू मराठी माणसाच्या लगेच लक्षात आले. १८३१ मध्ये मोरभट दांडेकर यांनी विल्सन यांच्याशी जाहीर वाद केला आणि त्याच वर्षी 'हिंदुधर्मस्थापना' हे पुस्तक छापले. विल्सन यांनी १८३२ मध्ये त्याला पुस्तकरूपाने उत्तर दिले. त्यावर साताऱ्याचे नारायणराव यांनी 'स्वदेशधर्माभिमानी' लिहिले आणि १८३४ मध्ये विल्सन यांना दुसरे पुस्तक लिहावे लागले. पोथीपुढे मस्तक झुकवून गप्प बसलेला समाज अशी उत्तरे-प्रत्युत्तरे करीत नसतो. छापखाना ही त्या काळी नवी वस्तू होती. ती हाती येताच आपल्या पूर्वजांनी तिचा उपयोग वादासाठी केला.

यापेक्षाही बोधप्रद उदाहरण सुबाजी बापूंचे आहे. माळव्यात भोपाळजवळ सीहोर येथे राहणारे हे महाराष्ट्रीय ज्योतिषी पंडित. भास्कराचार्यांचा ११५० सालचा 'सिद्धांतशिरोमणी' हाती घेऊन त्यांनी पुराणांतील भूगोलवर्णन गणिताला टिकत नाही, असे सांगितले आणि कोपर्निकसच्या मताचा पुरस्कार केला. त्यांचा 'सिद्धांतशिरोमणिप्रकाश' हा मराठी ग्रंथ १८३६ चा आहे. म्हणजे आपल्या परंपरेतील चूक दाखवण्यासाठी त्यांनी आपल्याच परंपरेतील शास्त्राचा आधार घेतला.

तीन वर्षांनी, १८३९ मध्ये, जॉन मूर या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने 'मतपरीक्षा' हा संस्कृत ग्रंथ प्रकाशित केला. खरा धर्मग्रंथ ओळखण्याच्या तीन कसोट्या त्यात दिल्या होत्या : संस्थापकाचे चमत्कार, ग्रंथाचे पावित्र्य आणि त्याची सार्वत्रिकता. अर्थातच या कसोट्यांना एकच ग्रंथ उतरत होता! त्याच वर्षी 'सोमनाथ' या नावाने त्याला संस्कृतात उत्तर आले. हे सोमनाथ म्हणजे सुबाजी बापूच, असे अभ्यासक मानतात. त्या उत्तरात शिवीगाळ नाही. एकाच ईश्वराकडे नेणारे मार्ग माणसांच्या भिन्न प्रकृतीप्रमाणे भिन्न असतात, तेव्हा दुसऱ्याच्या मार्गाची निंदा करू नये आणि आपलाही सोडू नये, असा त्याचा आशय आहे. पुराणातील भूगोल खोडून काढणारा आणि परक्या ग्रंथाची सक्ती नाकारणारा पंडित एकच होता. या माणसाचे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

या परंपरेचा कळस विष्णुबावा ब्रह्मचारी यांनी गाठला. १८२५ मध्ये आजच्या रायगड जिल्ह्यातील शिरवली येथे जन्मलेले विष्णू भिकाजी गोखले. काही काळ जकात खात्यात नोकरी केलेला हा तरुण कोणत्याही पाठशाळेचा पदवीधर नव्हता. १५ जानेवारी १८५७ पासून २८ मे १८५७ पर्यंत मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांनी मिशनऱ्यांशी जाहीर वाद केले. गुरुवारच्या संध्याकाळी वाळूत लोक जमत आणि जीव, ब्रह्म, पाप, पुनर्जन्म यांवर प्रश्नोत्तरे होत. समोरच्या बाजूला अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन होते. गंमत अशी की हे बोवेन तरुणपणी स्वतः संशयवादी होते. त्या वादाचा इंग्रजी वृत्तांत त्यांनीच १८५७ मध्ये छापला. 'समुद्रकिनारीचा वादविवाद' हे मराठी पुस्तक १८७२ मध्ये निघाले. मे महिन्यात उत्तरेत स्वातंत्र्यसमर पेटले असतानाही मुंबईच्या वाळूत हा बुद्धीचा संग्राम चालू होता. विष्णुबावांचा 'वेदोक्तधर्मप्रकाश' १८५९ चा. १८६७ च्या 'सुखदायक राज्यप्रकरणी निबंधा'त त्यांनी सारी प्रजा एका कुटुंबासारखी नांदावी अशी राज्यव्यवस्था मांडली. ज्याला आपण केवळ धर्मरक्षक समजतो, तो समाजरचनेचाही स्वतंत्र विचार करीत होता.

उसनी तलवार आणि बंद दार

या काळात एक सोपा मोहही समोर होता. मिशनऱ्यांना निरुत्तर करण्यासाठी पेन यांची तलवार उसनी घ्यावी! कलकत्त्यात पेन यांच्या पुस्तकाला इतकी मागणी होती की एका रुपयाची प्रत पाच रुपयांना विकली गेली, असे अलेक्झांडर डफ या मिशनऱ्याने लिहून ठेवले आहे. परंतु ही तलवार दुधारी आहे. बायबलमधील चमत्काराला पुरावा मागणाऱ्याला आपल्या पुराणातील चमत्काराविषयीही पुरावा द्यावा लागतो. महाराष्ट्रात हे प्रामाणिकपणे ओळखणारे लोक निघाले. महात्मा जोतीराव फुले यांनी पेन वाचले होते. १८९१ मध्ये प्रकाशित झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'तील त्यांचा 'निर्मीक' हा सर्व मानवांचा एकच कर्ता आहे, कोणत्याही एका ग्रंथाचा वा जातीचा नाही. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने कोणताही ग्रंथ ईश्वराने साक्षात रचलेला मानला नाही. त्यांचे निष्कर्ष सर्वांना पटतील असे नाही. पण त्यांनी तराजू एकच वापरला, हे मान्य केलेच पाहिजे.

याउलट दुसरा मार्ग पं. नीळकंठशास्त्री गोरे यांचा. १८२५ चाच जन्म, काशीत राहणारे, असामान्य बुद्धीचे महाराष्ट्रीय पंडित. मूर यांना उत्तर म्हणून त्यांनी 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा ग्रंथ १८४४-४५ मध्ये लिहिला. शास्त्र प्रथम आणि तर्क त्याच्या मागून, शास्त्राविरुद्ध तर्काला अधिकार नाही, अशी त्यांची भूमिका होती. याच नीळकंठशास्त्र्यांनी १८४८ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १८६० मध्ये षड्दर्शनांचे खंडन करणारा ग्रंथ लिहिला. एखाद्याच्या अंतःकरणात काय घडले याचा निवाडा आपण करू नये, आणि त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि एक गोष्ट उघड आहे. प्रश्नांसाठी दार बंद केल्याने प्रश्न संपत नाहीत. ते मनात वाढत राहतात आणि त्यांचे उत्तर माणूस दुसऱ्याच्या घरी शोधू लागतो.

आपली मूळ रीत

आपल्या दर्शनशास्त्रांत असे बंद दार नव्हते. ग्रंथकार आधी पूर्वपक्ष मांडत असे, म्हणजे विरोधकाचे म्हणणे त्याच्या पूर्ण सामर्थ्यानिशी सांगत असे, आणि मगच उत्तरपक्षाकडे वळत असे. चौदाव्या शतकातील माधवाचार्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रहा'चे पहिलेच प्रकरण चार्वाकाचे आहे. मंत्रांना अर्थच नाही असे म्हणणाऱ्या कौत्साचे मत यास्काचार्यांनी निरुक्तात नोंदवून मगच खोडले. त्याच निरुक्ताच्या परिशिष्टात अशी कथा आहे की ऋषी लोपू लागले तेव्हा माणसांनी देवांना विचारले, आता आमचा ऋषी कोण? तेव्हा देवांनी त्यांना तर्क हाच ऋषी दिला.

'नास्तिक' या शब्दाचेही तसेच. मनुस्मृतीने वेदनिंदकाला नास्तिक म्हटले, ईश्वर न मानणाऱ्याला नव्हे. म्हणूनच जगाचा कर्ता ईश्वर नाकारणारे मीमांसक कुमारिल भट्ट आस्तिकांच्या पंक्तीत आहेत, आणि ईश्वर सिद्ध होत नाही म्हणणारे सांख्यसूत्रही. ईश्वराच्या अस्तित्वाविषयी उघड मतभेद ठेवून सहा दर्शने एका परंपरेत नांदली. एडिंबरोत ज्या प्रकारच्या प्रश्नांसाठी फास आवळला गेला, त्यांच्यावर येथे ग्रंथ लिहिले गेले.

हे सांगताना छाती फुगवून थांबता येणार नाही. १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानडे प्रभृतींनी स्वामी दयानंदांची पुण्यात व्याख्याने करविली, तेव्हा त्यांच्या युक्तिवादाला उत्तर देण्याऐवजी गाढवाची मिरवणूक काढणारे पुण्यातच होते. अज्ञेयवादी गोपाळ गणेश आगरकरांची ते जिवंत असताना प्रेतयात्रा काढणारेही आपलेच होते. ज्यांनी मिरवणुका काढल्या त्यांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत; दयानंद आणि आगरकर मात्र वाचले जातात. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी 'किर्लोस्कर' मासिकातून पोथीनिष्ठेवर घाव घातले, तेव्हाही अनेकांना ते रुचले नाही. सावरकरांच्या जयंतीला हार घालणाऱ्या किती घरांत त्यांचे विज्ञाननिष्ठ निबंध वाचले जातात, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

मराठवाड्याने विसरू नये

आम्हा मराठवाड्यातील मंडळींना तर हा विषय अधिकच जवळचा असावयास हवा. आमचा अहमदपूर तालुका १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होता आणि १९४८ पर्यंत निजामी राजवटीखाली. मुंबईच्या किनाऱ्यावर १८५७ मध्ये जे खुलेआम चालले, ते येथे विसाव्या शतकातही दुर्मीळ होते. 'गश्ती निशान ५३' या फर्मानाने परवानगीवाचून सभा घेण्यास बंदी होती. प्रश्न विचारणे ही येथे राजद्रोहाच्या सीमेवरची गोष्ट होती. आर्य समाजाने शास्त्रार्थाची आणि प्रवचनांची परंपरा उदगीर, लातूर, अहमदपूरच्या परिसरात आणली ती अशा काळात. उदगीरचे भाई श्यामलाल १९३८ मध्ये बिदरच्या तुरुंगात मृत्यू पावले. पाठोपाठ १९३८-३९ चा सत्याग्रह झाला. धर्माविषयी मोकळेपणाने बोलण्याचा हक्क आमच्या आजोबांनी अशी किंमत मोजून मिळवला.

त्यांच्याच नातवंडांनी घरातील मुलाला 'गप्प बस, देवाविषयी असे बोलू नये' म्हणावे काय? निजामाचे फर्मान गेले; ते आपल्या बैठकीच्या खोलीत आपणच पुन्हा लावू नये. महाविद्यालयातून आलेली मुलगी जेव्हा विचारते की व्रताने फळ मिळते हे कशावरून, तेव्हा ती धर्मावर आघात करीत नसते. ती पूर्वपक्ष मांडत असते. उत्तरपक्ष मांडण्याची जबाबदारी आपली आहे. तो आपल्याजवळ नसेल तर अभ्यास करावा. आणि अभ्यासाअंती एखादी रूढी टिकत नाही असे दिसले, तर सुबाजी बापूंनी पुराणांतला भूगोल सोडला तशी ती सोडून द्यावी. त्याने धर्म उणा होत नाही.

आणि जे विचारवंत आम्हाला बुद्धिप्रामाण्याचे धडे देतात, त्यांनाही हेच सांगावयाचे आहे. कसोटी लावायची तर ती सर्व ग्रंथांना, सर्व पंथांना आणि तुमच्या लाडक्या विचारसरणींनाही सारखीच लावा. हिंदूंच्या रूढीपुढे ज्यांची बुद्धी तल्लख होते आणि अन्यत्र जिला एकाएकी संकोच वाटू लागतो, ती मंडळी विल्सन यांचाच दुसरा तराजू वापरत आहेत.

गावोगावच्या अभ्यासवर्गांतून मोरभट दांडेकर, सुबाजी बापू आणि विष्णुबावा यांचा परिचय करून द्यावा. त्यासोबत फुले आणि आगरकरही वाचावेत, कारण पूर्वपक्ष न वाचता उत्तरपक्ष उभा राहत नाही. ज्या धर्माने तर्कालाच ऋषी म्हटले, त्याच्या अनुयायांना प्रश्नाचे भय वाटण्याचे कारण नाही.